वरून चौथं नाव

ऑफिसात तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे वेलांटीबाई. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला रागही नव्हता. आधी अठरा वर्षं तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. मग ओळखीतून ती या कंपनीत लागली.

कंपनी हॉस्पिटलांसाठी औषधाचे पंप बनवायची. पेशंटच्या शिरेत मोजून, थेंबाथेंबाने औषध सोडणारं, पलंगाशेजारच्या दांड्याला अडकवायचं यंत्र. हा पंप हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला सतत आपली खबर देत असतो. ती खबर कशी वाचायची हे हॉस्पिटलांच्या प्रोग्रामरांना कळावं म्हणून कंपनीच्या साइटवर माहितीची पानं होती. ती कुणी हाताने लिहीत नसे. एक जनरेटर होता, तो पंपाचा कोड वाचायचा आणि रोज सकाळी पानं काढून ठेवायचा. कोडमध्ये प्रोग्रामरांनी लिहिलेल्या टिपा धड भाषेत आहेत ना आणि पानावर नीट उतरल्यात ना, एवढं बघणं हे ताईचं काम.

एक प्रकारची पानं नीट उतरत नाहीत, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. कोडमध्ये एखाद्या गोष्टीच्या ठरावीक अवस्थांची यादी असते, तिला प्रोग्रामर लोक इनम म्हणतात. पंपाच्या अवस्थांची यादी पाच नावांची होती: आयडल, पॉज्ड, रनिंग, स्टॉप्ड आणि स्टँडबाय. नावं फक्त माणसांच्या सोयीसाठी. पंप नाव पाठवत नाही, आकडा पाठवतो. पहिल्या नावाला शून्य, दुसऱ्याला एक, असं वरून खाली. स्टॉप्ड म्हणजे नळीत अडथळा आलाय, पंप आपणहून थांबलाय, ताबडतोब बघा. स्टँडबाय म्हणजे नर्सनेच तो मुद्दाम थांबवून ठेवलाय, काळजीचं कारण नाही. स्टँडबायची भर नंतर पडली होती म्हणून ते शेवटी.

जनरेटर मात्र ही नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावायचा. पहिली तीन जागच्या जागी राहायची, कारण ती योगायोगाने त्याच क्रमात होती. शेवटची दोन उलटायची. पानावर स्टँडबाय चौथं यायचं आणि स्टॉप्ड पाचवं. आकडे पानावर नसायचेच. प्रत्येक नावासमोर कोडमध्ये एकेक टीप होती, अर्थ आणि आकडा दोन्ही सांगणारी, ताईने स्वतः तीनदा तपासलेली. पण इनमच्या आतल्या टिपा जनरेटरला दिसतच नसत. पानावर ‘वर्णन’ असं शीर्षक आणि त्याखाली पाच रिकामे चौकोन.

तिने तक्रार नोंदवली. कंपनीत तक्रारींची यादी कॉम्प्युटरवर असे, प्रत्येकीला क्रमांक. तिने लिहिलं: “पानावरचा क्रम आणि कोडमधला क्रम वेगळा आहे. आकडे दिसत नाहीत. वाचणारा वरून मोजेल आणि चुकेल.”

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. हसतमुख होता, सगळ्यांच्या मुलांची नावं त्याला पाठ होती.

“ताई, हे जनरेटरचं दुखणं आहे. आपला माल नाही तो. आपण काय करणार?”

“बदलता येईल की. किंवा तेवढं एक पान हाताने लिहू. मी लिहिते.”

“हाताने लिहिलेलं पान सकाळी जनरेटर पुसून टाकणार. आणि मला सांगा, प्रोग्रामर काय बोटं लावून मोजत बसतो का? नाव वापरतात ते.”

“हॉस्पिटलकडे आपला कोड नसतो साहेब. त्यांच्याकडे फक्त पान असतं.”

“बघू,” साहेब म्हणाले.

ते बघणं नऊ महिने चाललं. मग बाहेरचे तपासनीस यायचे होते आणि उघड्या तक्रारींचा आकडा शंभराच्या खाली आणा असं वरून आलं. साहेब टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होते. ताईच्या टेबलाशी आले तेव्हा एवढंच म्हणाले, “तुमच्या एकेचाळीस आहेत ताई. जरा हात मोकळा सोडा.” त्या दुपारी तिने एकेचाळीसच्या एकेचाळीस बंद केल्या. स्वल्पविरामाच्या, चुकीच्या विभक्तीच्या, तुटलेल्या दुव्यांच्या, आणि त्यांच्यात ही. बंद करताना कारण निवडावं लागे. तिने सगळ्यांना एकच निवडलं: ‘दुरुस्तीची गरज नाही.’ इनमच्या तक्रारीशी ती क्षणभर थांबली होती का, हे तिला पुढे कितीही आठवून आठवलं नाही. बहुतेक नसावी. हात चालू होता.

दीड वर्षाने दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात एक बसड्रायव्हर दगावला. बावन्न वर्षांचा, शस्त्रक्रिया चांगली झालेली, तिसऱ्या दिवशी खोलीत हलवलेला. रक्तदाब टिकून राहावा म्हणून पंपातून औषध चालू होतं. दुपारी अडीचला नळी पलंगाच्या कडेखाली दबली. पंप थांबला आणि वाजू लागला. बायको शेजारी बसली होती. ती उठून नर्सच्या टेबलाशी गेली. नर्सकडे अकरा पेशंट होते आणि समोर अकरांचा पडदा. तिने पडद्यावर बघितलं. त्या खोलीसमोर करड्या रंगात स्टँडबाय लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी औषध थांबवायला सांगितलं असेल, दुसऱ्या कुणीतरी थांबवलं असेल, असं तिला वाटलं. ती म्हणाली, “काही नाही, थांबवून ठेवलाय तो. वाजू दे, येते मी.” बायको परत जाऊन बसली. वीस मिनिटांनी ती पुन्हा आली. पडद्यावर तेच. तिसऱ्यांदा आली ती धावत.

साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावून हे सांगितलं, पण एवढं तपशिलाने नाही. ते म्हणाले, एक दुर्घटना झालीय, पंपाने आपलं काम चोख केलंय, त्याने तीन हाच आकडा पाठवला होता, चूक हॉस्पिटलच्या प्रोग्रामची आहे. कुणी बाहेर बोलू नये. सगळे उठले. ताई बसून राहिली. तीन म्हणजे वरून चौथं. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आठवड्याने हॉस्पिटलचा प्रोग्रामर स्वतः आला. आधी फोन केला, मग बस पकडून आला. ऑफिसात त्याला आत घेतलं नाही, म्हणून ती खाली कँटीनमध्ये भेटली. पन्नाशीचा, नीट इस्त्री केलेला शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये त्या पानाची छापील प्रत होती. त्याने ती टेबलावर पसरली आणि पेन्सिलने केलेल्या खुणा दाखवल्या. शून्य, एक, दोन, तीन, चार, वरून खाली, सुबक अक्षरात.

“मी वरून मोजलं,” तो म्हणाला. “आकडे नव्हते, तर तुमच्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं, कृपया माहितीचं पान बघा. पान तर समोरच होतं. मग पंप आणून तपासलं. आयडल जुळलं, पॉज्ड जुळलं, रनिंग जुळलं. तीन जुळल्यावर माणूस काय म्हणेल? उरलेली दोन जुळणारच. स्टँडबाय आमच्याकडे कुणी वापरतच नाही, नाहीतर तेव्हाच कळलं असतं. नळी दाबून बघायला हवी होती. नाही बघितली.”

ताई पानाकडे बघत होती.

“पानाखाली तुमचं नाव आहे, तपासणी म्हणून. म्हणून आलो. मी भांडायला नाही आलो हो. मला निलंबित केलंय, ते ठीक आहे. फक्त एक विचारायचंय. हे असं उलटं येतं, हे तुमच्याकडे कुणाला माहीत होतं का?”

“चौकशी चालू आहे,” ताई म्हणाली. “मला बोलता येणार नाही.”

“नाही नाही, बरोबर आहे,” तो घाईने म्हणाला, जणू त्याचंच काही चुकलं. चहा त्याने अर्धा ठेवला. जाताना पान घडी घालून परत फाइलमध्ये ठेवलं.

घरी ती आणि तिचा थोरला भाऊ, दोघंच. दादा वायरमन होता, निवृत्त झाला तरी इमारतीतल्या लोकांची कामं करायचा. संध्याकाळी तो स्वयंपाकघरातला बिघडलेला होल्डर बदलत होता. तिने स्टुलाचे पाय धरले होते, आणि खाली मान घालूनच तिने त्याला सगळं सांगितलं.

“म्हणजे तुला माहीत होतं,” तो वरून म्हणाला.

“हो.”

“आणि तो समोर बसून विचारत होता.”

“हो दादा.”

त्याने स्क्रू घट्ट केला. “आम्ही कुठं उघडी तार बघितली की आधी चिठ्ठी लावायचो. मग वरिष्ठांना सांगायचो. ते करोत न करोत, चिठ्ठी काढायची नाही आपण. तू काढलीस.”

तो खाली उतरला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “सांगून टाक. तो माणूस तरी सुटेल.”

चौकशी तीन जणांची होती. एका सरकारी इमारतीतली लांबट खोली, खिडक्यांना पडदे नव्हते. ताईने तक्रारीची छापील प्रत नेली होती. तिने उभ्याने वाचून दाखवली, ‘वाचणारा वरून मोजेल आणि चुकेल’ हे वाक्यसुद्धा. प्रोग्रामर मागच्या खुर्चीवर बसला होता. वाक्य ऐकल्यावर त्याने डोकं वर केलं.

अध्यक्षबाईंनी प्रत हातात घेतली. “ही तक्रार बंद झालेली दिसते.”

“हो.”

“कुणी बंद केली?”

“मी.”

“कारण लिहिलंय, दुरुस्तीची गरज नाही. हे तुमचंच मत?”

“यादीतलं एक कारण निवडावं लागतं बाई. तक्रारी कमी करा म्हणून सांगितलं होतं.”

“लेखी?”

“तोंडी.”

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मी सर्वांना सर्वसाधारण सूचना दिली होती, विशिष्ट तक्रार बंद करा असं कधीच म्हटलं नाही. ते खरंच होतं. खोटं त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. पानावर पाचही नावं हजर होती आणि क्रमाविषयी पानाने कुठलाच दावा केलेला नव्हता, त्यामुळे पानात चूक म्हणता येत नाही. माहिती तपासणाऱ्या कर्मचारी महिलेने धोका ओळखूनही तक्रार स्वतः मागे घेतली, हा निष्काळजीपणा. हॉस्पिटलच्या प्रोग्रामरने पाचपैकी तीनच अवस्था तपासल्या, हा गंभीर निष्काळजीपणा. त्याला कामावरून काढलं. अहवालात असंही होतं की आकडे नाहीत हे दिसत असताना वरून मोजणं ही त्याची व्यक्तिगत समजूत होती, सर्वसामान्य प्रोग्रामर असं करत नाही.

अहवाल वाचून दाखवला त्या दिवशी बाहेरच्या बाकावर ड्रायव्हरची बायको बसली होती. ती शिवणकाम करायची, बोटाला सुयांच्या खुणा होत्या. ताई जिन्याकडे जात असताना त्या बाईने हाक मारली.

“ताई, तुम्ही लिहिण्यातल्या ना? मला आत काही कळलं नाही. ते स्टँडबाय म्हणजे काय हो?”

ताई शेजारी बसली. म्हणजे थांबवून ठेवलेला, मुद्दाम, असं तिने सांगितलं. मग आकड्यांचं सांगितलं, नावांच्या क्रमाचं सांगितलं, बाकावर बोटाने पाच रेघा ओढून दाखवल्या. ती बाई शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती.

“म्हणजे त्या नर्सला दिसत होतं ते खोटं होतं.”

“हो.”

“आणि मी म्हणत होते ते खरं होतं. वाजतोय म्हणून दोनदा सांगितलं मी. दुसऱ्यांदा तर मलाच लाज वाटली, सारखं काय जायचं म्हणून. त्यांच्याकडे एवढं मोठं यंत्र आहे, आपल्याला काय कळतं.” तिने बोटावरची सुईची खूण चोळली. “मी ओरडायला हवं होतं.”

“नाही,” ताई म्हणाली. “नाही हो, तुमचं काही चुकलं नाही.”

“चुकलंच ना. पहिल्यांदाच ओरडायला हवं होतं.”

सून येऊन त्या बाईला घेऊन गेली.

अहवालात एक शिफारस होती: पानावर सावधानतेची सूचना टाकावी. काम ताईकडेच आलं. तिने कोडमध्ये प्रत्येक नावाशेजारी लिहिलं, ‘सावधान, आकडा क्रमावरून ठरवू नका’, आणि पुढे आकडा. हाताने पानावर काही टाकायची सोय नव्हती, आणि यादीच्या वर लिहिलेली टीपही जनरेटर गाळायचा; लिहायला दुसरी जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पान उघडलं. पाच नावं, पाच रिकामे चौकोन. ती साहेबांकडे गेली.

“कोडमध्ये लिहिलंय ना तुम्ही?”

“लिहिलंय. दिसत नाही.”

“शिफारस पूर्ण झाली असं कळवून टाकतो,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते, त्यांनाही झोप नसावी. “ताई, आता हे पुरे. माझंही वय झालं.”

त्या दुपारी तिने पंप घेतलेल्या हॉस्पिटलांची यादी काढली. त्रेसष्ट होती. एकामागून एक फोन लावत गेली. बहुतेक ठिकाणी कुणी प्रोग्रामर नव्हता, काम बाहेर दिलेलं. काहींनी मेल करा म्हटलं. एकाने विचारलं, तुम्ही कंपनीतर्फे बोलताय का, आणि ती नाही म्हणाल्यावर त्याने फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी, सव्विसाव्या फोनवर एक बाई भेटली, तरुण आवाजाची. तिने म्हटलं, “थांबा हं, बघते.” कळफलकाचा आवाज येत राहिला, मग थांबला.

“ताई,” ती बाई हळू म्हणाली. “आमच्याकडे पण उलटंच आहे.”

“किती दिवस?”

“वर्ष होऊन गेलं.” तिचा श्वास ऐकू येत होता. “मी पण वरूनच मोजलं. आत्ता लगेच बदलते. पण ताई, एक करा. आमचं नाव कुठे घेऊ नका. इथे कळलं तर माझी नोकरी जाईल. माझ्या घरात मी एकटीच कमावते. शब्द द्या.”

“दिला,” ताई म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

त्याच दिवशी कंपनीला या फोनांचा सुगावा लागला. यादी काढून घेतली, तिचा कॉम्प्युटर बंद केला, आणि महिनाअखेरीला तिला मोकळं केलं. सदतीस हॉस्पिटलं राहून गेली. त्यातली काही नावं तिला आठवत होती. तिने घरून पत्रं पाठवली. दोन हॉस्पिटलांकडून पोच आली.

नंतर एका रविवारी ती प्रोग्रामरच्या घरी गेली. चौथा मजला, लिफ्ट नव्हती. त्याने दार उघडलं, तिला आत बसवलं. बायकोने पाणी आणून दिलं आणि ती आत निघून गेली. खोलीत कॉम्प्युटरचं टेबल होतं, त्यावर इस्त्रीचे कपडे रचलेले.

“कँटीनमध्ये मी खरं लपवलं तुमच्यापासून,” ताई म्हणाली. “माफी मागायला आलेय.”

“तुम्ही चौकशीत खरं बोललात. झालं ते.” तो शांत होता. “मला एक सांगा. तुम्ही ती तक्रार बंद केली नसती, तर ती दुरुस्त झाली असती?”

ताईने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही. उघडीच राहिली असती.”

“मग?”

“पण कुणीतरी वाचली असती कदाचित.”

तो उठून खिडकीशी गेला. “मला नोकरी गेल्याचं एवढं नाही. ते वाक्य आहे ना अहवालात, सर्वसामान्य प्रोग्रामर असं करत नाही. ते जात नाही डोक्यातून. मुलाखतीला जातो तिथे ते वाचून बसलेले असतात. घरात मुलगी विचारते, बाबा, दुसरं कुणीच असं करत नाही का? मी काय सांगू तिला?”

“करतात,” ताई म्हणाली. बोलून गेली ती. “आणखी एका हॉस्पिटलात अगदी हेच झालं होतं. मी फोन केला होता. त्यांनीही वरूनच मोजलं होतं.”

तो वळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “कुठलं हॉस्पिटल?”

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“नाव सांगा फक्त. मी अर्ज करतो, अहवाल पुन्हा उघडायला लावतो. एक जरी दुसरं उदाहरण मिळालं तरी ते वाक्य त्यांना काढावं लागेल. ताई, कुठलं?”

“मी शब्द दिलाय,” ती म्हणाली. “तिची नोकरी जाईल.”

“माझी गेली.”

“हो.”

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, ती सांगेल म्हणून. तिनेही सांगून बघितलं मनातल्या मनात, नाव अगदी जिभेवर होतं, तो तरुण आवाज कानात होता. आतून भांडी लावल्याचा आवाज येत होता. शेवटी त्याने टेबलावरचे कपडे उचलले, एकेक करून कपाटात ठेवायला लागला, आणि पाठमोराच म्हणाला, “दार ओढून घ्या जाताना. कडी नीट लागत नाही, जरा जोर लावावा लागतो.”

तिने जोर लावून दार ओढलं. पहिल्यांदा लागलं नाही, दुसऱ्यांदा लागलं.